कर्वेनगरमधलं आमचं मेडिकल: आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीत फार्मसिस्ट मॅडमची खूप मदत झाली

कर्वेनगर, वारजे, कोथरूड या भागात राहत असाल आणि घरात पंचेचाळीस-पन्नाशीच्या पुढचं कोणी असेल तर हे पूर्ण वाचा, लांब झालंय पण कामाचं आहे. औषधं काय सगळीकडे मिळतात, आता तर ॲपवरून घरपोच येतात आणि डिस्काउंटही जास्त देतात, तरी आम्ही महिन्याची औषधं याच दुकानातून घेतो आणि त्याचं कारण म्हणजे इथल्या फार्मसिस्ट मॅडम. नाव लिहीत नाही कारण त्यांना विचारलेलं नाहीये, पण पांढरा कोट घालून फ्रिजच्या बाजूच्या काउंटरला असतात, लगेच कळेल.

आमच्याकडे हा विषय निघाला मामांमुळे. माझे मामा साताऱ्याकडे असतात, ५८ व्या वर्षी त्यांना रेक्टमचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा कॅन्सर निघाला. संडासवाटे रक्त जात होतं ते कित्येक महिने मूळव्याध समजून अंगावर काढलं, तिकडच्याच एका मेडिकलमधून मलम आणि पोट साफ व्हायची पावडर आणत राहिले आणि त्या दुकानदाराने दर वेळी मुकाट्याने ट्यूब काढून दिली, किती दिवस झाले, वजन उतरलंय का, डॉक्टरांना दाखवलं का, एका शब्दाने विचारलं नाही. निदान झालं तोवर गाठ बरीच वाढलेली. केमो, रेडिएशन, ऑपरेशन, पोटाला पिशवी, सगळ्यातून गेले बिचारे. आता सावरलेत पण ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

त्यानंतर घरात सगळेच घाबरले. आई माझ्याकडेच असते, ती मामांची सख्खी मोठी बहीण, वय ६६. मी ४६, मिस्टर ५२. नातेवाइकांचे सल्ले सुरू झाले, कोणी म्हणे फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घ्या त्यात कॅन्सर मार्कर पण असतो, कोणी म्हणे सोनोग्राफी करून घ्या, कोणी म्हणे एवढं काही नसतं रोज त्रिफळा घ्या. मी आईच्या गोळ्या आणायला गेले होते तेव्हा सहज मॅडमना विचारलं की अशी काही तपासणी असते का हो. दुकानात दोन-तीन जण उभे होते, तर त्या मला म्हणाल्या ताई इकडे या, आणि काउंटरच्या टोकाला इन्सुलिनच्या फ्रिजपाशी नेलं आणि आवाज खाली करून बोलल्या. मला ही गोष्ट फार आवडली कारण संडासचा विषय चारचौघांत मोठ्याने निघाला की आपल्याकडची माणसं तिथूनच परत फिरतात, पुढचं विचारतच नाहीत.

आणि लगेच टेस्टचं नाव सांगून मोकळ्या झाल्या नाहीत. आधी विचारलं कोणासाठी पाहिजे. मी म्हणलं घरातल्या सगळ्यांसाठीच. तर म्हणाल्या सगळ्यांना एकच टेस्ट नाही चालणार, एकेकाचं सांगा. मग एकेकाचं वय, कोणाला काही त्रास आहे का, रक्त जातं का, शौचाच्या सवयीत बदल झालाय का, म्हणजे आधी नीट व्हायची आणि आता कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब असं काही, वजन कमी झालंय का, रक्ताच्या नात्यात कोणाला आतड्याचा कॅन्सर झालाय का आणि कितव्या वर्षी. एवढं सगळं विचारून झाल्यावर बिलाच्या पाठीमागे तीन भाग करून लिहून दिलं. तो कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.

मिस्टरांना काहीच त्रास नाही आणि त्यांच्या घरात कोणाला हा आजार नाही, त्यांच्यासाठी फिट टेस्ट. ही संडासच्या नमुन्यावर होते, डोळ्यांना दिसत नाही इतकं थोडं रक्त असलं तरी सापडतं. कॅन्सर होण्याआधी आतड्याच्या आतल्या बाजूला छोटे कोंब येतात, त्यांना पॉलिप म्हणतात, सगळे वाईट नसतात पण त्यातले काही हळूहळू वाढून कॅन्सर होतात आणि त्याला साधारण दहाएक वर्षं लागतात. म्हणजे हातात बराच वेळ असतो, फक्त त्या वेळात कोणीतरी बघायला पाहिजे. मोठे कोंब अधूनमधून थोडं थोडं रक्त सोडतात आणि ते या टेस्टमध्ये येतं. त्यांनी असंही सांगितलं की इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी हे किट पोस्टाने घरी येतं, बार्सिलोनात तर औषधांच्या दुकानातूनच देतात आणि भरलेली बाटली तिथेच परत घेतात. अमेरिकेत २०२१ मध्ये तपासणी सुरू करायचं वय ५० वरून ४५ वर आणलं. आपल्याकडे तिशीपुढच्या लोकांसाठी सरकारी तपासणी आहे ती तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची, आतड्याची त्यात नाही, म्हणजे आपलं आपणच लक्ष ठेवायचं. मामा म्हणजे माझं जरा लांबचं नातं धरतात, त्यामुळे मलाही फिट चालेल पण पाळीच्या दिवसांत नमुना द्यायचा नाही, आणि एकदा डॉक्टरांच्या कानावर घाला असं सांगितलं.

पॅकेजमधल्या कॅन्सर मार्करचंही विचारलं मी. म्हणाल्या सीईए ही रक्ताची टेस्ट ज्यांना आजार झालाय त्यांच्या उपचारावर लक्ष ठेवायला वापरतात, धडधाकट माणसात कॅन्सर शोधायला ती उपयोगाची नाही, नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका आणि थोडी वाढलेली आली म्हणून रात्रभर जागू नका. पॅकेजचे पैसे वाचले सरळ.

आता आईचं सांगते, कारण खरं महत्त्वाचं तेच आहे. मॅडमनी कॉम्प्युटरवर आमची जुनी बिलं उघडली आणि म्हणाल्या काकूंच्या लोहाच्या गोळ्या बरेच महिने चालू दिसतायत, हिमोग्लोबिन का कमी आहे हे कोणी शोधलंय का? आम्हाला वाटत होतं वय झालं, जेवण कमी झालं, म्हणून असेल. तर त्यांनी शांतपणे सांगितलं की पाळी बंद झालेल्या बाईला लोह कमी पडत असेल तर रक्त कुठून जातंय का हे बघावंच लागतं आणि पोट-आतडं ही त्यातली मुख्य जागा. त्यात सख्ख्या भावाला कॅन्सर. म्हणून काकूंना फिट टेस्ट करत बसू नका, सरळ पोटाच्या डॉक्टरांकडे न्या आणि कोलोनोस्कोपीचं, म्हणजे दुर्बिणीच्या नळीने मोठं आतडं आतून बघायच्या तपासणीचं विचारा. आई म्हणायची माझी संडास काळी होते ती गोळ्यांमुळे, आणि ते बरोबरच आहे, लोहाने काळी होतेच, पण मॅडम म्हणाल्या की त्यामुळेच काळेपणाचं दुसरं काही कारण असलं तरी लक्षात येत नाही, डॉक्टरांना हेही सांगा.

गोळ्या विकणाऱ्या माणसाने स्वतःहून विचारावं की या गोळ्या का चालू आहेत, हे मी आजवर कुठे बघितलं नव्हतं. दुकानात भिंतीवर त्यांचं स्टेट फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन फोटोसकट लावलंय, मी आधी कधी लक्ष दिलं नव्हतं. नंतर कळलं की फार्मसिस्टने पेशंटला औषधांबद्दल नीट समजावून सांगणं हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांतच लिहिलेलं आहे, म्हणजे तो आपला हक्क आहे. अर्ध्या दुकानांत रजिस्ट्रेशन एकाचं आणि काउंटरला दुसराच पोरगा असतो, तो काय सांगणार.

तिसरा भाग दिरांसाठी. ते ४४ चे आहेत, त्यांना अधूनमधून रक्त जातं आणि त्यांनी मला याच दुकानातून मूळव्याधीचं मलम आणायला सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या एक ट्यूब आधी गेलीय, आता दुसरी देण्याआधी डॉक्टरांनी आतून बघितलेलं पाहिजे. रक्त जातंय म्हणजे हा स्क्रीनिंगचा विषयच नाही, स्क्रीनिंग ज्यांना काही त्रास नाही त्यांचं करतात, त्रास असेल तर थेट तपासणी. फिट निगेटिव्ह आली की माणूस गप्प बसतो आणि तेच धोक्याचं, कारण कोंब त्या दिवशी रक्त सोडत नसला तर टेस्टमध्ये येत नाही. दीर आधी चिडले, म्हणे साधं मलम देत नाही कसली दुकानदारी. पण मामांचं डोळ्यांसमोर होतं म्हणून गेले. डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासलं, फिशर आणि छोटे मोड निघाले, बाकी काही नाही, औषध सुरू झालं. आता त्या मलमाची चिठ्ठी घेऊन याच दुकानात येतात.

फिट टेस्ट कशी करायची हे पण डिटेलमध्ये लिहिते कारण इथेच लोक अडकतात. दुकानात किट नव्हतं, लॅबमधूनच करायची होती. मॅडमनी सांगितलं की लॅबमध्ये नुसतं स्टूल टेस्ट किंवा ऑकल्ट ब्लड म्हणू नका, कोणत्या पद्धतीने करता ते विचारा. जुनी ग्वायक पद्धत असेल तर तिला प्राण्याचं रक्त आणि माणसाचं रक्त यातला फरक कळत नाही, रविवारचं मटण खाल्लं असेल तरी पॉझिटिव्ह येऊ शकते, मुळ्याने पण गडबड होते, आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तर उलट रक्त असूनही निगेटिव्ह येते. फिट म्हणजे इम्युनो पद्धत, ती फक्त माणसाचं हिमोग्लोबिन ओळखते त्यामुळे खाण्यापिण्याचं काही पथ्य नाही. आम्ही जवळच्या एका लॅबमध्ये गेलो तर रिसेप्शनवरच्या मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं, साधी डबी हातात ठेवली. मी मॅडमना फोन केला, त्यांनी स्वतः दोन-तीन ठिकाणी फोन करून कोण इम्युनो पद्धतीने करतं ते शोधून कळवलं. यात त्यांच्या दुकानाचा एक रुपयाचा धंदा नव्हता.

बाटली आणल्यावर मिस्टर ती घेऊन परत मॅडमकडे गेले आणि त्यांनी उघडून दाखवली. बोटाएवढी बाटली असते, आत थोडं पाणी असतं ते सांडायचं नाही, झाकणालाच एक काडी जोडलेली असते आणि तिच्या टोकाला बारीक खाचा असतात. त्या खाचा भरतील एवढाच नमुना घ्यायचा, चार-पाच वेगवेगळ्या जागी काडी टोचून. जास्त घेतला की जास्त चांगलं असं नाही, जास्त झाला तर टेस्ट बिघडते. कमोडच्या पाण्यात पडलेला नमुना चालत नाही आणि टॉयलेट क्लीनर लागलेला तर अजिबात नाही, म्हणून कमोडच्या सीटखाली वर्तमानपत्राची झोळी करायची किंवा जुनी प्लास्टिकची डबी धरायची, भारतीय पद्धतीचं असेल तर कागद पसरायचा. लघवी आधी करून घ्यायची. मिस्टरांना हे ऐकायलाच कसंतरी होत होतं, चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मॅडम कंडक्टरने तिकीट द्यावं इतक्या सहज बोलत होत्या त्यामुळे ते पण मोकळे झाले आणि दोन प्रश्न त्यांनीच विचारले. बाटलीवर नाव आणि तारीख लिहायची, नाहीतर लॅब परत पाठवते.

आणि एक गोष्ट जी मला लॅबने सांगितली नव्हती, एप्रिल महिना होता, तर मॅडम म्हणाल्या बाटली ॲक्टिव्हाच्या डिकीत टाकून ऑफिसला जाऊ नका, उन्हाने नमुन्यातलं हिमोग्लोबिन खराब होतं आणि रक्त असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. सकाळीच नेऊन द्या, वेळ लागणार असेल तर दोन पिशव्यांत घालून फ्रिजमध्ये ठेवा. पुण्याच्या उन्हाळ्यात हे प्रत्येकाला सांगायला पाहिजे.

आमच्या दोघांच्या टेस्ट निगेटिव्ह आल्या. मी पेढे आणायचं म्हणत होते तर मॅडमनी आठवण करून दिली की निगेटिव्ह म्हणजे कायमची सुट्टी नाही, वर्ष-दोन वर्षांनी परत करायची आणि मधे काही त्रास झाला तर टेस्टची वाट न बघता डॉक्टरांकडे. पॉझिटिव्ह आली असती तरी लगेच कॅन्सर असं नसतं, मूळव्याध, पॉलिप, सूज काहीही असू शकतं, पण मग कोलोनोस्कोपी करावीच लागते, परत फिट करून निगेटिव्ह येते का बघत बसायचं नाही. हे त्यांनी टेस्टच्या आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे रिपोर्ट उघडताना हात थरथरले तरी पुढे काय करायचं हे दोघांनाही माहीत होतं.

आईला डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी लगेच लिहून दिली. आई तयार नव्हती, म्हणाली या वयात मला कशाला नळ्या घालता. मॅडम तिच्याशी दुकानातल्या स्टुलावर बसवून बोलल्या, म्हणाल्या काकू, झोपेचं इंजेक्शन देतात, बहुतेकांना काही आठवत पण नाही, आणि कोंब सापडला तर त्याच वेळी काढून टाकतात. शेवटचं वाक्य आईला पटलं.

या तपासणीत खरा त्रास असतो तो आदल्या दिवसाच्या तयारीचा आणि तिथे मॅडमनी जी मदत केली ती हॉस्पिटलच्या छापील कागदाने झाली नसती. आधीचे दोन-तीन दिवस पालेभाजी, पेरू, अंजीर, तीळ, सालीच्या डाळी बंद, मऊ भात, दही, पांढरा ब्रेड असं साधं. आदल्या दिवशी फक्त पातळ, शहाळ्याचं पाणी, वरणाचं गाळलेलं पाणी, लिंबू सरबत. आई उन्हाळ्यात कोकम सरबत पिते, तर मॅडमनी स्वतः आठवणीने सांगितलं कोकम नको, बीट नको, लाल रंगाचं काहीच नको, आत लाल दिसलं की रक्त आहे की सरबत ते कळत नाही. पेगलेक ही पोट साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात करायची, ती थंड करून थोडं लिंबू पिळून दर दहा-पंधरा मिनिटांनी एकेक ग्लास प्यायची, एकदम ढोसली की उलटी होते. शेवटी शौचाला नुसतं पिवळसर पाणी यायला पाहिजे, गढूळ असेल तर तयारी झाली नाही, हॉस्पिटलला फोन करायचा. पोट साफ नसेल तर कोंब झाकला जातो आणि सगळी मेहनत वाया.

आईला शुगर आहे आणि इकोस्प्रिन पण चालू आहे. इथे मॅडमनी जे केलं त्यासाठी मला त्यांचा सगळ्यात जास्त आदर वाटतो. मी विचारलं त्या दिवशी कोणती गोळी द्यायची नाही, तर म्हणाल्या हे मी नाही सांगणार, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. उपाशीपोटी शुगरची गोळी घेतली तर साखर एकदम खाली जाते, आणि रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद केली तर हृदयाला धोका. लोहाच्या गोळ्या बहुतेक आठवडाभर आधी थांबवायला सांगतील कारण त्याने आतडं आतून काळं दिसतं, पण तेही विचारून घ्या. आणि मग आईच्या सगळ्या गोळ्यांची यादी, डोस आणि वेळेसकट, स्वच्छ अक्षरात लिहून दिली आणि प्रत्येकीसमोर एक रिकामा चौकोन ठेवला, डॉक्टरांनी तिथे लिहायचं चालू की बंद. डॉक्टर तो कागद बघून म्हणाले असा कागद प्रत्येक पेशंटने आणला पाहिजे.

आईच्या मोठ्या आतड्यात एक पॉलिप निघाला. तिथल्या तिथे काढला, बायोप्सीत ॲडिनोमा आला, म्हणजे कॅन्सर नाही पण राहिला असता तर पुढे होऊ शकला असता अशातला. परत कधी तपासायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलंय. आई संध्याकाळी घरी येऊन मऊ भात खाऊन झोपली. मी रिपोर्ट घेऊन मॅडमकडे गेले तेव्हा दुकानात गर्दी होती, त्यांनी रिपोर्ट वाचला, माझा हात धरला आणि लगेच पुढच्याला विचारलं, तुमचं काय हो काका.

मामेभाऊ ३४ आणि ३१ चे आहेत, त्यांचं पण मी विचारलं. वडिलांना ५८ ला झालंय, तर नियम असा की वयाच्या चाळिशीला किंवा वडिलांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा तपासणी सुरू, म्हणजे त्यांच्यासाठी चाळिशी, आणि त्याआधी काही त्रास झाला तर तेव्हाच. डॉक्टरांनीही हेच सांगितलं. दोघांना व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवलंय आणि मी पाठ सोडणार नाहीये.

आता जे खटकतं ते पण लिहिते. दुकान अगदी छोटं आहे, बसायला एकच स्टूल, वयस्कर माणसांना उभं राहावं लागतं. पार्किंग नाहीच, समोर गाडी लावली की पोलीस उचलतात, चालत जा किंवा रिक्षाने जा. संध्याकाळी सातनंतर मॅडम नसतात, तेव्हा जो मुलगा असतो तो औषधं बरोबर देतो पण असलं काही विचारलं तर उद्या मॅडमना विचारा म्हणतो, मनाने काही सांगत नाही तेही बरंच आहे. डिस्काउंट फार नाही. खाजगी बोलायला वेगळी जागा पाहिजे, फ्रिजपाशी उभं राहून बोलताना मागून कोणी ना कोणी येतंच, मालकांनी एक पडदा लावून छोटा कोपरा केला तर खूप बायका मोकळेपणाने विचारतील, मी त्यांना हे बोलले पण आहे.

पाच स्टार. जायचं असेल तर दुपारी तीन ते पाच जा, तेव्हा गर्दी कमी असते, घरातल्या माणसाच्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप आणि जुने हिमोग्लोबिनचे रिपोर्ट सोबत न्या, आणि नात्यात कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर कितव्या वर्षी झाला ते घरी विचारून जा, मॅडम पहिलं तेच विचारतात.